दिवसा बैल, संध्याकाळी घोडा

पोळा जवळ आला की कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात मातीच्या बैलजोड्या मांडल्या जातात. उंच वशिंड, मागे वळलेली शिंगे, ताठ मान, सरळ पाठ. त्या घरी नेऊन पुजणाऱ्या पुणेकराच्या दारात दोन पिढ्यांत खरा बैल बांधलेला नसतो, तरी हा बैल चांगला आहे हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. साचा चांगल्या बैलाचा पाडलेला असतो, म्हणून त्यातून पोट खपाटीला गेलेला किंवा पाय फाकलेला बैल निघत नाही.

हाच पुणेकर पुसेगावच्या सेवागिरी यात्रेत किंवा बारामतीच्या कृषी प्रदर्शनात गेला की बुचकळ्यात पडतो. रिंगणात पांढरेशुभ्र खिलार खोंड ओळीने उभे असतात. त्याला सगळे सारखेच दिसतात. पंच मात्र दोन फेऱ्या मारतात, एकाच्या पाठीवरून हात फिरवतात, दुसऱ्याचे तोंड उघडून बघतात आणि तिसऱ्याच्या गळ्यात पहिल्या क्रमांकाचा पट्टा घालतात. हे ठरले कशावरून? दुसरे कोडे वेळापत्रकाचे. गुरे आणि घोडे एकाच ठिकाणी असले तर गुरांची निवड बहुधा दिवसा उरकते आणि घोड्यांचे खेळ संध्याकाळी रंगतात. ही वाटणी कोणी आणि का केली? दोन्ही कोडी एकाच धाग्याने बांधलेली आहेत.

पंचाच्या डोक्यातला साचा

कुंभाराकडे असतो तसाच एक साचा पंचाकडेही असतो. त्याला 'जातीचे लक्षण' म्हणतात. खिलाराचा साचा असा : चेहरा लांब आणि निमुळता, कपाळावर मधोमध उभी खाच, बुंध्याशी जवळ असलेली लांब शिंगे धनुष्यासारखी मागे जाऊन वर वळलेली, अंग आवळ, गळ्याखालची पोळी थोडकीच, खूर काळे आणि टणक. अकोले तालुक्यातल्या राजूरला डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते. तिथे हा साचा कामाचा नाही. डांगी अंगाने बुटका, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा, आणि त्याच्या कातडीतून तेलकट द्रव पाझरतो. सह्याद्रीच्या धुवाधार पावसात पाणी अंगात न मुरता निथळून जाते ते त्यामुळे. राजूरचा पंच कातडीवर बोटे फिरवून तो तेलकटपणा जोखतो. खिलाराच्या मुलखात, आटपाडीच्या कोरड्या माळावर त्याच तेलकटपणाचा कोणाला काय उपयोग?

म्हणजे 'सगळ्यात चांगला बैल' असे काही नसते. एखाद्या मुलखाच्या कामाला सगळ्यात जवळचा बैल असतो. पंच प्रत्येक जनावर साच्याशेजारी मनात उभे करतो आणि कुठे कमी पडले ते पाहतो. मनाचा कल आड येऊ नये म्हणून हल्ली शंभर गुणांची तक्ती वापरतात. तोंडवळा, छाती, पाठ, पुठ्ठा, पाय, चाल अशा प्रत्येक भागाला ठरलेले गुण. गायीच्या तक्तीत सर्वांत मोठा वाटा कासेला आणि सडांच्या ठेवणीला.

पाहण्याचा क्रमही ठरलेला. आधी दहा-पंधरा पावलांवरून, बाजूने. मग समोरून, मग मागून. जवळ गेल्यावर एखादा अवयव डोळ्यांत भरतो आणि संपूर्ण जनावर निसटते, म्हणून अंतर राखायचे. त्यानंतर चालवून पाहायचे, कारण उभा बैल पायातला दोष लपवतो, चालणारा लपवू शकत नाही. हात लावायची पाळी सगळ्यात शेवटी येते.

दात, टेप आणि बादली

नजरेवर किती भिस्त ठेवायची? मालकही काही कमी हुशार नसतात. शिंगे तासून, तेल चोळून चकाकवतात. रिंगणात आणण्याआधी भरपूर पाणी पाजून पोट भरलेले दाखवतात. वय सांगताना सहा महिने इकडेतिकडे करणे हे तर बाजारात शिष्टाचारातच मोडते. म्हणून काही गोष्टी मोजूनच घ्याव्या लागतात.

पहिले माप दातांचे. वयोगट चुकला तर स्पर्धाच खोटी ठरते, कारण चार दाती बैल दोन दात्यांत उभा केला तर तो थोराड दिसणारच.

चौकट : तोंड उघडा, वय सांगतो
गुरांना पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, आणि तेही आठच.
दुधाचे दात असेपर्यंत जनावर 'आदत'.
दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास मधले दोन पक्के दात येतात : 'दुसा'.
तिसऱ्या वर्षाच्या आसपास चार : 'चौसा'.
साडेतीन-चारच्या सुमारास सहा : 'सहा दाती'.
साडेचार-पाचला आठही पुरे झाले की जनावर 'जुळले'.
घोड्याला पुढचे दात वर-खाली दोन्हीकडे. ते साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांना जोडीजोडीने बदलतात. दहाव्या वर्षाच्या सुमारास वरच्या कडेच्या दातावर हिरडीपाशी एक उभी खाच दिसू लागते. ती पंधराव्या वर्षी निम्म्या दातापर्यंत आणि विसाव्या वर्षी टोकापर्यंत येते.

दुसरे माप वजनाचे. शेतात किंवा जत्रेत मोठा काटा कुठून आणायचा? त्यावर एक जुना हिशेब आहे. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचांत मोजायचा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी मोजायची. घेराला घेराने गुणायचे, त्याला लांबीने गुणायचे आणि ३०० ने भागायचे. उत्तर पौंडात येते. घेर ७२ इंच आणि लांबी ६० इंच असेल तर सुमारे १,०३७ पौंड, म्हणजे ४७० किलो. घेर दोनदा येण्याचे कारण शाळेतल्या भूमितीत आहे. धड म्हणजे आडवी वृत्तचिती, आणि तिचे घनफळ जाडीच्या वर्गाने वाढते. म्हणून छातीत दोन इंचांची भर पडली की वजन झपकन चढते, लांबीत पडली तर तेवढे चढत नाही. पंच छातीकडे इतके का बघतो, त्याचेही उत्तर यातच आहे : तिथेच फुप्फुसे आणि हृदय.

तिसरे माप बादलीचे, आणि ते मला सगळ्यात चोख वाटते. दुधाच्या स्पर्धेत आदल्या संध्याकाळी पंचांसमोर गाय किंवा म्हैस पूर्ण पिळून घेतात. ते दूध मोजणीत धरत नाहीत. घड्याळ तिथून सुरू होते आणि पुढच्या चोवीस तासांतले दूध तेवढे हिशेबात येते. ही पहिली धार सोडली नाही, तर एखादा गडी दोन वेळचे दूध कासेत राखून आणेल आणि गाय एका दिवसात अप्सरा होईल.

आधी जत्रा, मग बक्षीस

आपल्याकडे जनावरे एकत्र येत ती देवाच्या निमित्ताने. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातले माळेगाव खंडोबाचे, तापीकाठचे सारंगखेडा एकमुखी दत्ताचे, खरसुंडी सिद्धनाथाची, जेजुरी गाढवांच्या बाजारासाठी पौष पौर्णिमेची. बहुतेक तारखा खरिपाची सुगी उरकल्यानंतरच्या. हातात पैसा आलेला, बैलांना जरा उसंत, रस्ते कोरडे. जत्रेत जनावराची पारख होत असे, पण ती खरेदीदार करी, आणि तिचा निकाल रुमालाखाली दलालाची बोटे दाबून लागे. तिसऱ्याला भाव कळत नसे.

पुण्यातली पारख वेगळी होती, ती लष्करी. सभासदाच्या बखरीत शिवकाळातल्या पागेची शिस्त आली आहे : पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि पंचवीस स्वारांमागे एक पखालजी, एक नालबंद. बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. घोडा सरकारच्या हिशेबात असला की त्याची हजेरी आणि तपासणी आलीच. दसऱ्याला घोडे धुऊन, झेंडूच्या माळा घालून पुजायचे आणि मोहिमेवर निघायचे. पूजाही होई आणि कुठला घोडा चार महिन्यांच्या पावसाळ्यात मोडला तेही उघड्यावर येई. पेशवाईत हे सगळे शनिवारवाड्याच्या भोवती, कसब्याच्या शेजारीच चाले.

बक्षिसाची कल्पना मात्र विलायतेची. तिथल्या रॉबर्ट बेकवेल नावाच्या शेतकऱ्याने अठराव्या शतकात जवळच्या नात्यातली जनावरे लावून हवे ते गुण पक्के करता येतात हे दाखवून दिले. पाठोपाठ वंशावळीच्या वह्या आल्या, शर्यतीच्या घोड्यांची १७९१ साली आणि शॉर्टहॉर्न गुरांची १८२२ साली. लंडनचा स्मिथफील्ड क्लब १७९९ पासून धष्टपुष्ट जनावरांना बक्षिसे देऊ लागला. याच सुमारास डरहॅमचा एक अजस्र बैल खास गाडीत घालून गावोगाव फिरवला गेला आणि लोक पैसे देऊन त्याला बघायला आले. जनावराची पारख आणि जनावराचा तमाशा तेव्हापासूनच हातात हात घालून चालू लागले.

इंग्रजांनी ही रीत इथे आणली. १८६५ साली नागपुरात कला, कारागिरी आणि शेतमालाचे मोठे प्रदर्शन भरले. लष्कराला स्वारीचे घोडे हवेत म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांत सरकारी वळू घोडे ठेवले गेले आणि चांगल्या घोड्या पाळणाऱ्यांना बक्षिसे सुरू झाली. १९२६ साली शेतीविषयक शाही आयोगाचा अध्यक्ष म्हणून आलेला लॉर्ड लिनलिथगो पुढे व्हाइसरॉय झाला. त्याच्याच काळात, १९३८ साली, दिल्लीत पहिले अखिल भारतीय गुरांचे प्रदर्शन भरले. त्या दशकात आपल्या देशी जातींची लक्षणे पहिल्यांदा नीट लिहून काढली गेली. आटपाडीच्या पशुपालकाच्या बोलण्यात असलेला साचा कागदावर उतरला.

पट्टा गोठ्यापर्यंत कसा पोचतो

बक्षिसाचा खरा परिणाम रिंगणाबाहेर होतो. पट्टा मिळालेल्या वळूकडे आसपासच्या गावांतल्या गाई येतात. एक गाय वर्षाला फार तर एक वासरू देईल, पण एक वळू वर्षाला शेकडा वासरांचा बाप होऊ शकतो. कृत्रिम रेतनाने तर हा आकडा कुठल्या कुठे नेला. एका वळूचे गोठवलेले वीर्य वर्षात हजारो कांड्यांत भरता येते. पुण्याजवळ उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली उभी केलेली बाएफ ही संस्था हेच तंत्र खेड्यापाड्यांत घेऊन गेली. म्हणून पंचाने आज दिलेला गुण पाच वर्षांनी तालुक्याच्या दावणीला बांधलेला दिसतो. पंच लांब शिंगांना गुण देत राहिला तर शिंगे लांबत जातात.

घोळ इथेच होतो. वळू दूध देत नाही. त्याच्या दिसण्यावरून त्याच्या लेकी किती दूध देतील हे ओळखता येत नाही. दोन गाईंच्या दुधात जो फरक असतो, त्यातला साधारण पाव हिस्साच वारशाचा. बाकीचा चारा, हवामान, निगा आणि आजारपणाचा. त्यामुळे वळूची खरी परीक्षा त्याच्या बऱ्याच लेकी वेगवेगळ्या गोठ्यांत दुभत्या झाल्यावर, त्यांच्या दुधाची नोंद करूनच होते. तिला पाच-सहा वर्षे लागतात आणि ती बघायला कोणी तिकीट काढून येत नाही.

खिलाराचे हेच झाले. बैल ओढीला आणि पळायला जबर म्हणून नाव झाले, गायीच्या दुधाकडे कोणी पाहिलेच नाही. ट्रॅक्टर आल्यावर ओढीचे कामही घटले. बैलांच्या शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली तेव्हा खिलाराच्या किमती पडल्याची ओरड झाली. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला, तेव्हा आदत-दुसा खोंडांना पुन्हा गिऱ्हाईक आले. जातीचे भवितव्य एका खेळावर टांगलेले असणे मला तरी धोक्याचे वाटते.

घोड्याला संध्याकाळ का?

बैलाची पारख उभ्याने, थोडी चालवून होते. घोड्याची होते ती हालचालीत. साध्या चालीत त्याच्या टापांचे चार ठोके वेगळे ऐकू येतात. दुडकीत तिरकस जोडीतले पाय, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा, एकदम पडतात आणि दोनच ठोके उरतात. चौखूर धावताना एक क्षण असा येतो की चारही पाय हवेत असतात. हे डोळ्याला दिसत नाही. १८७८ साली मायब्रिज या छायाचित्रकाराने ओळीने कॅमेरे लावून ते सिद्ध केले. घोडा लंगडा आहे की नाही हे जाणकार चाबुकस्वार पाठमोरा उभा राहूनही सांगतो, ठोक्यांची लय ऐकून.

घोडा पळवायचा म्हणजे उष्णता आली. स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेतला बराच मोठा भाग, तीन चतुर्थांशांच्या आसपास, उष्णता होऊन अंगात उतरतो. माणसाप्रमाणे घोडाही ती मुख्यतः घाम गाळून बाहेर टाकतो. भर दुपारी हे काम अवघड होते, ऊन उतरल्यावर सोपे. शिवाय घोडा चोवीस तासांत जेमतेम तीन तास झोपतो आणि पेंगतो ते उभ्यानेच, त्यामुळे रात्री नऊपर्यंत खेळ झाला तरी त्याचे फारसे बिघडत नाही. गुरांचे तसे नाही. ती रात्री बसून निवांत रवंथ करतात आणि ते मोडले तर दुसऱ्या दिवशी दुधावर परिणाम दिसतो. रंग, नाकपुडी, खूर बघायलाही स्वच्छ उजेड लागतो.

घोड्याचे डोळे कमी उजेडात आपल्यापेक्षा चांगले पाहतात, मात्र झगझगाटातून अंधारात गेले की सरावायला त्यांना आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून जाणते आयोजक रिंगणात उजेड सगळीकडे सारखा ठेवतात. प्रवेशद्वाराशी अंधार आणि आत एकदम प्रखर दिवे असतील तर शांत घोडाही बुजतो. आपल्याकडे वरातीत घोडी अडते आणि लोक तिला हट्टी म्हणतात, तेव्हा दोष पुष्कळदा दिव्यांचा असतो.

आणि एक कारण जनावराचे नव्हे, माणसाचे : संध्याकाळी गिऱ्हाईक मोकळे असते. शिकागोच्या गुरांच्या बाजारालगत १९०० साली सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय पशुप्रदर्शनाने हे गणित पक्के बसवले. दिवसभर शेतकरी आणि खाटीक व्यापारी गुरे पारखत, आणि संध्याकाळी शहरातली मंडळी ठेवणीतले कपडे घालून घोड्यांचे खेळ बघायला येत. प्रदर्शनाच्या खर्चाला या तिकिटांचा हातभार लागे.

बेचाळीस फुटांचे वर्तुळ

महाराष्ट्रात तिकीट लावून घोड्यांचे खेळ दाखवण्याचा मान विष्णुपंत छत्र्यांचा. सांगलीकडच्या अंकलखोपचे हे गृहस्थ ग्वाल्हेरला बाबासाहेब आपट्यांकडे अश्वविद्या शिकले, तिथेच हद्दू खाँसाहेबांकडे गाणेही शिकले आणि पुढे कुरुंदवाडकरांच्या पदरी चाबुकस्वार होते. १८७९ साली कियारिनी नावाच्या इटालियनाची सर्कस मुंबईत आली. तिच्यातले घोड्यांचे खेळ बघून हे आपणही करू, असे विष्णुपंतांच्या मनाने घेतले आणि १८८० साली त्यांच्या सर्कशीचा पहिला खेळ मुंबईत झाला. भारतीय सर्कशीचा आरंभ तिथून धरतात.

पळत्या घोड्यावर माणूस उभा राहतो कसा, याचे उत्तर रिंगणाच्या मापात आहे. १७६८ पासून लंडनला असे खेळ करणाऱ्या फिलिप ॲस्टलीने ते शोधले. सरळ रेषेत धावणाऱ्या घोड्यावर उभे राहणे कठीण, कारण तोल सावरायला आधारच नसतो. घोडा गोल फिरू लागला की स्वार बाहेर फेकला जाऊ लागतो. तो तेवढाच आत कलला की वजन आणि फेक यांचा मेळ बसून पाय घोड्याच्या पाठीवर घट्ट दाबले जातात. वर्तुळ फार लहान असेल तर घोडा अडखळतो, फार मोठे असेल तर हा दाब मिळत नाही. ४२ फूट व्यास हा त्यातला सुवर्णमध्य, आणि जगभरच्या सर्कशींनी तोच ठेवला.

वारीतले गोल रिंगण याहून कितीतरी मोठे. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीपुढचे दोन अश्व बेळगावकडच्या अंकलीहून शितोळे सरकारांचे येतात. पुण्याची देशमुखी ज्यांच्याकडे होती तेच हे घराणे. एका अश्वावर पताका घेतलेला स्वार, दुसऱ्याची पाठ मोकळी, कारण तिथे माउली बसलेली. इथे पंच नाही, गुण नाहीत, पट्टा नाही. लाखो लोक घोडा बघतात आणि कोणीही त्याचे दात बघत नाही.

भीमथडीला गुण कोण देणार?

सारंगखेड्याच्या बाजारात आज भाव असतो मारवाडी, काठियावाडी आणि नुकरा घोड्यांना. कानांची टोके एकमेकांना टेकलेली, उंच मान, चमकदार अंग, नाचायला तयार. दिव्यांच्या उजेडात हेच उठून दिसतात. मराठ्यांच्या फौजा १७५८ साली अटकेपर्यंत पोचल्या तेव्हा त्यांच्यात दख्खनची बुटकी, काटक तट्टेही होती. भीमेच्या खोऱ्यातली ती भीमथडी. त्यांना ना उंची ना डौल. कोणत्याच रिंगणात त्यांना गुण मिळेनात, म्हणून चांगल्या घोडीला चांगला घोडा लावण्याची कोणी फिकीर केली नाही. ती टिकली धनगरांकडे. मेंढ्यांच्या कळपाबरोबर बिऱ्हाड लादून मैलोन् मैल चालणारे जनावर त्यांना लागतेच. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडे भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. नोंदलेल्या भारतीय घोड्यांत ती आठवी.

नोंद झाली म्हणजे साचा लिहिला गेला. आता त्या साच्याला गुण कशाचे द्यायचे हा प्रश्न आहे. लांब पल्ल्याच्या घोडदौडीत एक रीत आहे : ठरलेले अंतर तोडून आल्यावर पशुवैद्य घोड्याच्या छातीला नळी लावतो. विसाव्यात घोड्याचे ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४४ असतात, धावून आल्यावर ते कितीतरी पट चढतात. ठरलेल्या मिनिटांत ते ६४ पर्यंत खाली आले तर घोडा पुढे जातो, नाही तर बाद. जेजुरीच्या किंवा सारंगखेड्याच्या जत्रेत पाठीवर बिऱ्हाडाएवढे ओझे घालून, वीस-पंचवीस किलोमीटर चालवून, अशी परीक्षा पहाटे घेता येईल. मंडप लागणार नाही, दिवेही लागणार नाहीत. एक पशुवैद्य, एक घड्याळ आणि घोडे घेऊन यायला तयार असलेले चार धनगर एवढे पुरे.